गर्भ रुजण्यात अस्तरातल्या प्रथिनांचा वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार चालू आहे. भ्रूण उत्तम प्रतीचे, सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर, हार्मोन्स जागेवर. तरीही रिपोर्ट निगेटिव्ह. अशा वेळी फाइलमध्ये ‘रिसेप्टिव्हिटी’ (अस्तराची भ्रूण स्वीकारण्याची तयारी, म्हणजे ग्रहणक्षमता), ‘इंटिग्रिन’, ‘एनके सेल’ असे शब्द येऊ लागतात आणि त्यांच्यामागे तपासण्यांची यादी येते. त्यातले काय पक्के आहे, काय अजून प्रयोगशाळेतच आहे आणि पैसे खर्च करण्याआधी काय विचारून घ्यावे, हे इथे एकेका प्रश्नातून पाहू.

अस्तर म्हणजे नेमकं काय? त्यात प्रथिनं कुठे असतात?

गर्भाशयाच्या आतल्या बाजूचा मऊ थर म्हणजे अस्तर, वैद्यकीय भाषेत एंडोमेट्रियम. त्याचे दोन भाग असतात. वरचा भाग दर पाळीला गळून पडतो. खालचा, स्नायूला चिकटलेला पातळ भाग तसाच राहतो आणि त्यातूनच पुढच्या महिन्याचे अस्तर उगवते. हा खालचा थर एकदा खरवडला गेला की वरचे पीक नीट येत नाही. वारंवार क्युरेटिंग झालेल्या बाईचे अस्तर पातळ राहते ते याच कारणाने.

प्रथिने तीन ठिकाणी सापडतात. काही पेशींच्या पृष्ठभागावर असतात. भ्रूणाला धरून ठेवणारे इंटिग्रिन त्यांपैकी एक. काही ग्रंथींतून पोकळीत पाझरतात, जसे ग्लायकोडेलिन आणि लिफ. बाकीची पेशीच्या केंद्रकात बसून कोणता जनुक चालू करायचा आणि कोणता बंद, हे ठरवतात. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर (त्या हार्मोनचा हुकूम पकडणारे प्रथिन) आणि हॉक्स-ए-१० ही त्या तिसऱ्या गटातली. रिपोर्टमध्ये नाव आले की ते यांपैकी कुठल्या गटातले आहे एवढे विचारले तरी अर्धा गोंधळ कमी होतो.

मग जेवणात प्रोटीन वाढवलं, पावडर घेतली, तर अस्तर सुधारतं का?

नाही. डाळ, अंडी, पनीर किंवा पावडर यांतले प्रोटीन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत तुटते. त्यातून इंटिग्रिन किंवा लिफ बनवायचे की नाही, किती आणि कोणत्या दिवशी, हे हार्मोन्सच्या हुकमाने पेशी ठरवते. खूप कुपोषण असेल, वजन फार कमी असेल, तर पाळी आणि अंडोत्सर्गच बिघडतो, तो मुद्दा वेगळा. पोटभर आणि बरे जेवणाऱ्या बाईने दूध-पावडरीचे डबे वाढवून रुजण्याची शक्यता वाढत नाही. हा प्रश्न आधीच घेतला कारण ‘प्रथिने कमी आहेत’ असे ऐकून घरी परतलेली बहुतेक माणसे आधी मेडिकलच्या दुकानात जातात.

गर्भ रुजायचे दिवस नेमके कोणते?

पाळीच्या तारखेवरून मोजू नका, अंडोत्सर्गावरून मोजा. रक्तातले एलएच हार्मोन उसळू लागल्यावर साधारण ३६ तासांनी अंडे सुटते. एलएचची उसळी हा शून्य दिवस धरला तर अस्तर साधारण सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण स्वीकारायला तयार असते. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत हे विसाव्या ते चोविसाव्या दिवसाच्या आसपास पडते. पण ज्यांची पाळी ३५ दिवसांची आहे त्यांना ‘एकविसावा दिवस’ हा हिशेब लागूच पडत नाही, आणि बायोप्सीच्या (अस्तराचा तुकडा काढून तपासण्याच्या) चुकांची सुरुवात इथूनच होते.

अमेरिकेत अॅलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी रोजच्या लघवीच्या नमुन्यांत एचसीजी हे रुजलेल्या भ्रूणाचे हार्मोन कधी दिसू लागते ते तपासून १९९९ मध्ये जी आकडेवारी दिली ती अजूनही कामाची आहे. सहा आठवड्यांपुढे टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के अंडोत्सर्गानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजलेले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी सुरुवातीलाच १३ टक्के गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांपैकी २६ टक्के, अकराव्या दिवशी ५२ आणि त्यानंतर ८२ टक्के. उशिरा रुजणे आणि लवकर पडणे यांचे नाते इतके सरळ दिसते. यात दोष अस्तराचा की सावकाश वाढणाऱ्या भ्रूणाचा, हे एवढ्या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही.

त्या दिवसांत अस्तरात काय काय घडतं?

पाळीनंतरचे दोन आठवडे इस्ट्रोजेनचे. अस्तर जाड होते, ग्रंथी लांबतात, आणि मुख्य म्हणजे पेशींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर तयार होतात. इस्ट्रोजेनने हे रिसेप्टर घडवले नसतील तर नंतर प्रोजेस्टेरॉन कितीही दिले तरी ते घेणारे कोणी नसते.

अंडे सुटले की प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दिवसागणिक दिसते. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीच्या सोळाव्या-सतराव्या दिवशी ग्रंथीच्या पेशींत केंद्रकाखाली ग्लायकोजेनची पोकळ बुडबुड्यांसारखी रांग उभी राहते आणि केंद्रके वर ढकलली जातात. दोन दिवसांत तो ऐवज पेशीच्या वरच्या टोकाला येऊन ग्रंथीच्या नळीत ओतला जातो. विसाव्या-एकविसाव्या दिवशी स्राव भरात असतो. बाविसाव्या दिवशी ग्रंथींच्या मधल्या ऊतीत पाणी साठून ती सैल, फुगलेली दिसते, आणि तेविसाव्या दिवशी नागमोडी रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी गुबगुबीत होऊ लागतात. हे वेळापत्रक नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी १९५० मध्ये मांडले आणि पॅथॉलॉजी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर चालली.

याच सुमारास एक चमत्कारिक गोष्ट होते. ज्या प्रोजेस्टेरॉनने हे सगळे घडवले त्याचेच रिसेप्टर अस्तराच्या पृष्ठभागावरून आणि ग्रंथींतून नाहीसे होतात. फक्त मधल्या ऊतीत राहतात. पृष्ठभाग ग्रहणक्षम व्हायला हे नाहीसे होणे लागते. एंडोमेट्रिऑसिसमध्ये (अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात) ही पायरी अडते, त्याबद्दल पुढे.

कोणतं प्रथिन काय काम करतं?

भ्रूणाच्या बाजूने चालत जाऊ या, म्हणजे क्रम लक्षात राहतो.

फलनानंतर साधारण चौथ्या दिवशी भ्रूण पोकळीत उतरते. त्याला पहिल्यांदा भेटते ते म्यूक-१: पेशीच्या पृष्ठभागावरून उंच उभे राहणारे, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेले, जवळ येणाऱ्याला दूर ठेवणारे प्रथिन. उंदरांत रुजण्याआधी ते सगळीकडूनच कमी होते. माणसांत उलट, त्या दिवसांत ते वाढते. मग भ्रूण चिकटते कसे? प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींवर मानवी भ्रूण ठेवून पाहिले तेव्हा ते टेकले त्याच जागचे म्यूक-१ साफ झालेले आढळले, आजूबाजूचे तसेच होते. कुंपण सगळे न पाडता एका जागी फट करून आत शिरल्यासारखे. उंदरांवरचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे का लावू नयेत, याचे हे चांगले उदाहरण.

दुसरी पायरी रेंगाळण्याची. रक्तवाहिनीच्या भिंतीवर पांढऱ्या पेशी घरंगळत येऊन थांबतात त्या एल-सिलेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे. भ्रूणाच्या बाहेरच्या पेशींवरही तेच एल-सिलेक्टिन असते आणि अस्तरावर त्याला अडकायला साखरेचे आकडे त्या दिवसांत वाढतात, हे २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेने दाखवले. शरीराने जुनीच युक्ती नव्या जागी वापरली.

तिसरी पायरी घट्ट धरण्याची. इथे इंटिग्रिन अल्फा-व्ही-बीटा-३ येते. सामान्य पाळीत ते विसाव्या दिवसाच्या सुमारास पृष्ठभागावर उमटते आणि ऑस्टिओपाँटिन या ग्रंथींतून येणाऱ्या प्रथिनाशी जोडले जाते. ब्रूस लेसी यांनी १९९० च्या दशकात याचा अभ्यास करून काही वंध्यत्वाच्या रुग्णांत हे वेळेवर दिसत नाही हे मांडले.

ग्रंथींतून पाझरणाऱ्यांत सर्वांत गाजलेले लिफ. कॉलिन स्ट्यूअर्ट यांच्या गटाने १९९२ मध्ये लिफचा जनुक काढलेल्या उंदरिणी पाहिल्या. त्यांचे भ्रूण धड होते, दुसऱ्या उंदरिणीच्या गर्भाशयात ठेवले की रुजत होते, पण आईच्या स्वतःच्या गर्भाशयात एकही रुजत नव्हता. दोष अस्तरात आहे याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. साहजिकच माणसांत लिफ टोचून पाहिले गेले. वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांवरच्या चाचणीत त्याने गर्भधारणा वाढली नाही. जे कमी असेल ते बाहेरून ओतले की काम होते, ही समजूत इथे मोडली. प्रथिन किती यापेक्षा कुठल्या पेशीतून, कुठल्या दिवशी आणि कशाच्या पाठोपाठ, हे मोलाचे असते.

हॉक्स-ए-१० हे या सगळ्यांच्या मागचे मुकादमासारखे प्रथिन. इंटिग्रिनच्या बीटा-३ भागाचा जनुक त्याच्या हाताखाली चालतो. ग्लायकोडेलिन ग्रंथींतून मोठ्या प्रमाणात येते आणि आईच्या प्रतिकारपेशींना शांत ठेवते. मधल्या ऊतीच्या पेशी गुबगुबीत होताना प्रोलॅक्टिन आणि आयजीएफबीपी-१ सोडतात. प्रयोगशाळेत पेशी ‘तयार’ झाल्या का, हे याच दोघांवरून पाहतात. इंटरल्युकिन-१५ गर्भाशयातल्या एनके पेशींना (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) पोसते. भारतातही या विषयावर काम होते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय पुनरुत्पादन व बालआरोग्य संशोधन संस्थेत अस्तराच्या ग्रहणक्षमतेचा अभ्यास बऱ्याच वर्षांपासून चालू आहे.

ग्रंथींचे काम रुजल्यावर संपत नाही. पहिले साधारण दहा आठवडे आईचे रक्त गर्भापर्यंत थेट पोहोचत नसते. तोवर ग्रंथींचा स्राव हेच त्याचे मुख्य अन्न.

अस्तर भ्रूणाची निवड करतं म्हणतात, ते खरं आहे का?

बऱ्याच अंशी, आणि ही बाजू रुग्णांना फार कमी सांगितली जाते. अस्तर म्हणजे नुसती जमीन, ही उपमा अपुरी आहे. गुबगुबीत झालेल्या पेशी जवळ आलेल्या भ्रूणाचे संकेत वाचतात. भ्रूण सदोष असेल तर अनेक संदेशवाहक प्रथिने बनवणे त्या थांबवतात आणि ते भ्रूण पुढच्या पाळीबरोबर निघून जाते. बाईला कधी कळतही नाही.

नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये केलेल्या एका प्रयोगात सर्वसाधारण स्त्रियांच्या अस्तराच्या पेशी चांगल्या भ्रूणाकडे सरकल्या आणि निकृष्ट भ्रूणाकडे गेल्या नाहीत. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या पेशी मात्र निकृष्ट भ्रूणाकडेही सरकल्या. म्हणजे काही जणींच्या बाबतीत अडचण ‘रुजत नाही’ ही नसून ‘नको तेही रुजते’ ही असते. लवकर दिवस राहतात, मग जातात, पुन्हा लवकर राहतात, अशी कहाणी असेल तर ‘अस्तर अधिक चिकट करायला’ दिलेले उपचार उलट्या दिशेचे ठरू शकतात.

भ्रूण अर्धं परकं असतं. आईचं शरीर त्याला मारत नाही का? एनके सेलची तपासणी करावी का?

गर्भाशयातल्या एनके पेशी नावाने ‘मारेकरी’ असल्या तरी तिथे मारण्याचे काम करत नाहीत. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींत साधारण ७० टक्के त्याच असतात, आणि त्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या जातीच्या. त्यांची संख्या पाहून गर्भाशयाबद्दल काही ठरवता येत नाही. ‘एनके वाढले’ म्हणून इंट्रालिपिडची (स्निग्ध द्रवाची) सलाइन किंवा स्टेरॉइड सुचवले तर त्यामागचा पुरावा मागा. तो कमकुवत आहे.

अस्तर ९ मिमी होतं, तरी राहिलं नाही. जाडी पुरेशी नसते का?

जाडी मोजतात ती प्रोजेस्टेरॉन सुरू होण्याआधी. ती सांगते की इस्ट्रोजेनने आपले काम केले. त्यानंतरच्या सहा दिवसांत प्रथिनांची फळी उभी राहिली का, हे सोनोग्राफीत दिसत नाही. ७ मिमी आणि तीन रेघा स्पष्ट असल्या की बहुतेक ठिकाणी पुढे जातात. ६ मिमीवरही दिवस राहतात आणि ११ मिमीवरही राहत नाहीत. जाडी वाढवण्यासाठी महिनोन्‌महिने उपचाराची सायकल रद्द करत राहणे आमच्या मते क्वचितच शहाणपणाचे असते.

कोणत्या आजारांत ही प्रथिनं बिघडतात?

एंडोमेट्रिऑसिसमध्ये अस्तर प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाही. रक्तात पातळी उत्तम, पण पृष्ठभागावरचे रिसेप्टर वेळेवर जात नाहीत, हॉक्स-ए-१० दबलेले आणि इंटिग्रिन गैरहजर. काही महिने अंडाशय शांत ठेवणारी इंजेक्शने देऊन मग गर्भाशयात भ्रूण सोडण्याची (ट्रान्सफरची) पद्धत यासाठीच आली. सगळ्यांना ती लागत नाही.

नळीत पाणी भरले असेल, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, तर ते पाणी उलटे गर्भाशयात झिरपते. ते भ्रूणाला वाहून नेते आणि अस्तरातले इंटिग्रिनही कमी करते. सोनोग्राफीत दिसण्याइतकी फुगलेली नळी आयव्हीएफआधी काढणे किंवा बांधणे, हा या सगळ्या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. ‘निदान एक नळी तरी राहू दे’ ही भावना समजते. पण बिघडलेली नळी ठेवून भ्रूण सोडणे म्हणजे गळक्या छपराखाली पेरणी.

पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड लहान असला तरी नुकसान करतो, कारण त्यातून येणारे टीजीएफ-बीटा-३ हे प्रथिन सगळ्या अस्तरातले हॉक्स-ए-१० खाली आणते, फक्त गाठीवरच्या भागातले नव्हे. भिंतीत खोल किंवा बाहेर असलेल्या फायब्रॉइडचे तसे नसते. म्हणून ‘फायब्रॉइड आहे’ एवढे पुरत नाही. कुठे आहे ते विचारा.

जुनाट सूज, म्हणजे क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, बहुधा कोणतेच लक्षण देत नाही. बायोप्सीत सीडी-१३८ या प्रथिनाचा रंग देऊन प्लाझ्मा पेशी (जुनाट सुजेची खूण असलेल्या प्रतिकारपेशी) मोजतात. सापडल्या तर नेहमीचा पहिला उपाय म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस, आणि मग पुन्हा बायोप्सी. किती पेशी म्हणजे आजार, याचा आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो, म्हणून रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ एवढेच न पाहता संख्या पाहावी.

आणि क्षयरोग. आपल्याकडे याला वगळून हा विषय पूर्ण होत नाही. जननमार्गाचा क्षय आधी नळ्यांत बसतो, तिथून अस्तरात उतरतो, आणि वेळेवर ओळखला नाही तर खालचा थर जाळून पोकळीत चिकटपट्ट्या सोडतो. इथे एक साधी चूक वारंवार होते ती बाटलीची. बायोप्सीचा सगळा नमुना सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मग कल्चर करता येत नाही. नमुन्याचे दोन भाग हवेत: एक फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि जीन-एक्सपर्ट या क्षयजंतूच्या जनुकीय तपासणीसाठी. दोन्ही बाटल्यांवर नाव, तारीख आणि पाळीचा दिवस लिहिलेला आहे ना, हे टेबलावरून उठण्याआधी विचारा. आणि नुसता पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला, बाकी काहीच खूण नाही, एवढ्यावर सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याआधी दुसरे मत घ्या.

इरा, इंटिग्रिन, बीसीएल-६ या तपासण्या कराव्यात का?

इरा तपासणी २०११ मध्ये स्पेनमधून आली. अस्तराच्या तुकड्यातले २३८ जनुक किती चालू आहेत ते पाहून ‘तयार’, ‘अजून नाही’ किंवा ‘उलटून गेले’ असा निकाल देतात आणि भ्रूण सोडण्याची वेळ तास-दोन तास नव्हे, अर्धा-एक दिवस पुढेमागे करतात. कल्पना पटण्यासारखी आहे. पण २०२२ मध्ये अमेरिकेत ७६७ स्त्रियांवर चाचणी झाली. एका गटात इराप्रमाणे वेळ बदलली, दुसऱ्यात नेहमीच्याच वेळी भ्रूण सोडले. जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण पहिल्यात ५८.५ टक्के, दुसऱ्यात ६१.९. फायदा दिसला नाही. त्या चाचणीत वारंवार अपयश आलेल्या रुग्ण नव्हत्या, हा आक्षेप रास्त आहे. पण पहिल्याच ट्रान्सफरआधी सरसकट इरा करायला आधार उरत नाही.

इंटिग्रिन आणि बीसीएल-६ (अस्तरातले आणखी एक प्रथिन) यांचे निकाल लपलेल्या एंडोमेट्रिऑसिसकडे बोट दाखवू शकतात. पण निकाल काहीही आला तरी तुमचे डॉक्टर पुढे तेच करणार असतील, तर तपासणी कशासाठी? हा एक प्रश्न विचारून बरेच पैसे वाचतात.

तपासणी करायचीच ठरली तर ती कुठे फसते ते माहीत असू द्या. एलएचची पट्टी न पाहता पाळीच्या दिवसावरून नमुना घेणे. त्या महिन्यात अंडे सुटलेच नव्हते, पण कोणी प्रोजेस्टेरॉन तपासले नाही. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची नळी आत पुरती न गेल्याने गर्भाशयमुखाजवळचा तुकडा आला. जनुकांच्या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला. आणि सगळ्यांत नेहमीची: औषधांच्या सायकलमध्ये प्रोजेस्टेरॉनचा पहिला दिवस काहींनी शून्य धरला, काहींनी एक.

मग हातात असलेलं काय? प्रोजेस्टेरॉनचं वेळापत्रक नीट कसं सांभाळायचं?

खरा फरक इथे पडतो. गोठवलेल्या भ्रूणाच्या ट्रान्सफरचा नेहमीचा आराखडा असा: पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्राडायॉल व्हॅलरेट, बहुधा २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफी. अस्तर ठीक आणि रक्तातले प्रोजेस्टेरॉन अजून वाढलेले नाही, म्हणजे अंडे चोरून सुटलेले नाही, हे पाहून प्रोजेस्टेरॉन सुरू. योनीमार्गे ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही सर्रास मात्रा. पाचव्या दिवसाचे भ्रूण प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात, तिसऱ्या दिवसाचे चौथ्या दिवशी. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही सांभाळायची ती घड्याळाची वेळ. पहिला डोस सकाळी घेतला की रात्री, ते कॅलेंडरवर लिहा आणि ट्रान्सफरच्या आधी स्वतःहून सांगा.

योनीमार्गे दिलेले प्रोजेस्टेरॉन गर्भाशयात थेट पोहोचते, म्हणून रक्तात आकडा कमी दिसतो. तरीही ट्रान्सफरच्या दिवशी रक्तात तो मिलिलीटरमागे साधारण १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर यश कमी होते असे अनेक अभ्यासांत दिसले, आणि अशा वेळी इंजेक्शनची जोड देतात. डोस चुकला तर आठवताच घ्या, पुढचा दुप्पट करू नका, आणि कळवा. गोळी ठेवल्यावर पांढरा स्राव बाहेर येतो तो गोळीचा आधार असतो. औषध वाया गेले असे समजू नका.

पाळी नियमित असेल तर नैसर्गिक सायकलमध्ये ट्रान्सफरचा पर्याय जरूर विचारा. तिथे प्रोजेस्टेरॉन तुमच्याच अंडाशयातून येते.

स्क्रॅचिंग, पीआरपी, जी-सीएसएफ?

स्क्रॅचिंग, म्हणजे आधीच्या महिन्यात अस्तर मुद्दाम ओरबाडणे, २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांच्या चाचणीत निकामी ठरले: दोन्ही गटांत जिवंत जन्म २६.१ टक्के. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव) आणि जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध) पातळ अस्तरासाठी दिले जातात. पुरावा छोट्या-छोट्या अभ्यासांचा. सर्वांना द्यावे असे काही नाही.

कॉपर-टी किंवा गोळ्या यांचाही याच प्रथिनांशी संबंध आहे का?

आहे, उलट बाजूने. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची (हार्मोन सोडणारी) टी अस्तराला सतत प्रोजेस्टेरॉनचा खोटा हुकूम देत राहते. वेळापत्रकच राहत नाही. मिफेप्रिस्टोन, म्हणजे गर्भपाताच्या गोळीतले औषध, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर अडवून बसते. तांब्याची टी मुख्यतः शुक्रजंतूंना निकामी करते. ही साधने काढल्यावर अस्तर काही पाळ्यांत पूर्ववत होते.

ट्रान्सफरनंतर झोपून राहावं का? पपई, उष्ण पदार्थ?

झोपून राहिल्याने भ्रूण अधिक घट्ट बसत नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. उभे राहिल्याने काही खाली पडत नाही. घरची कामे, जिना, रिक्षाचा प्रवास चालतो. कच्ची पपई टाळा, तिच्या चिकामुळे. पिकलेल्या पपईच्या फोडीने किंवा बाजरीच्या भाकरीने अस्तरातले इंटिग्रिन कमी होत नाही. सासूबाई आग्रह करत असतील तर पपई सोडणे वाद घालण्यापेक्षा सोपे, एवढेच.

टेस्ट कधी करायची? मध्येच डाग दिसला तर?

रुजलेले भ्रूण एचसीजी सोडते आणि आता हुकमाची दिशा बदलते: एचसीजी अंडाशयाला प्रोजेस्टेरॉन चालू ठेवायला सांगते. पाचव्या दिवसाच्या भ्रूणानंतर ९ ते ११ दिवसांनी रक्तातले बीटा-एचसीजी पाहतात आणि ४८ तासांनी पुन्हा. अंडे फोडायला एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल तर त्याचाच अंश दहा-बारा दिवस रक्तात राहून खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतो, म्हणून घरी घाईने पट्टी लावू नका.

थोडा डाग रुजण्यामुळेही पडतो, योनीमार्गे गोळ्या ठेवताना खरचटल्यानेही. त्यावरून काहीच ठरत नाही. डाग दिसला म्हणून ‘आता गेलंच’ समजून स्वतःहून प्रोजेस्टेरॉन बंद करणे ही मात्र महागात पडणारी चूक. औषधांच्या सायकलमध्ये अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येतच नसते. गोळी थांबली की अस्तर एक-दोन दिवसांत गळू लागते, आत रुजलेला गर्भ असला तरी. आधी रक्त तपासा, गोळी नंतर थांबवा. पोटात एका बाजूला जोराचे दुखणे, चक्कर किंवा खांद्यात कळ असेल तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा; गर्भ नळीतही रुजू शकतो.